सुगीतलं दान, भाद्रपदातली गरज: गावची धान्यकोठी कशी पुरवावी

गावात किंवा तालुक्याला धान्यकोठी सुरू करणं तसं फार अवघड नाही. एक रिकामी खोली, चार उत्साही माणसं आणि सुगीचे दिवस एवढं जुळलं की पहिल्याच महिन्यात पोत्यांची थप्पी लागते. कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. यादीतली वीस घरं चाळीस होतात, देणारे मात्र तेवढेच राहतात, आणि ऐन श्रावणात कोठीत दोन कट्टे ज्वारी आणि कुणीतरी दिलेला पोह्याचा पुडा उरतो. ज्यांची कोठी आधीच सुरू आहे किंवा जे दुसऱ्याच्या कोठीला हातभार लावू पाहतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोठी म्हणजे इथं एवढंच: अडचणीतल्या घराला महिन्याचा कोरडा किराणा विनामूल्य देणारी, गावातल्याच माणसांनी चालवलेली जागा.

गरज वाढली की पहिला विचार येतो तो "अजून गोळा करू" असा. माझं मत वेगळं आहे. मराठवाड्यात बहुतेक कोठ्या धान्य कमी पडल्यामुळे अडत नाहीत. दान एका महिन्यात येतं आणि गरज दुसऱ्या महिन्यात लागते, तिथं त्या अडतात. मधले चार-सहा महिने धान्य, डाळ आणि पैसा सांभाळून पुढं नेणं हेच कोठीचं मुख्य काम आहे. बाकी सगळं त्याभोवती बसवायचं.

आधी वर्षाचं गणित मांडा

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिने लिहा. वरच्या ओळीत "देणारे", खालच्या ओळीत "घेणारे".

वरची ओळ सोपी आहे. जानेवारीत तूर निघते, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि रब्बीची ज्वारी, त्यामागोमाग गहू. खळ्यावर माल असतो तेव्हा शेतकऱ्याचा हात सैल असतो. गावची जत्रा होईपर्यंत दान येत राहतं. मग थेट दिवाळीच्या आसपास, सोयाबीन विकलं की पुन्हा थोडं.

खालची ओळ नीट विचार करून भरावी लागते. मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे लेकरांचं शाळेतलं दुपारचं जेवण बंद. जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि वह्या-पुस्तकं एकदमच अंगावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये खुरपणीची मजुरी मिळते, पण पाऊस झाला तरच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसानं अशी ओढ दिली की कित्येक शिवारांत खुरपायला गवतच उरलं नाही आणि बायकांचा रोज बुडाला. सप्टेंबरमध्ये सोयाबीन अजून शेतात उभं असतं, घरातलं संपलेलं असतं. आणि २०२५ सारखं वर्ष आलं तर सीना, मांजरा, सिंदफणा उभ्या पिकासकट माती घेऊन जातात. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, ऊसतोडीला निघाले की बीड, धाराशिव, जालन्याच्या गावांत म्हातारी माणसं आणि काही लेकरं मागं राहतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन गेलेलं जोडपं लगेच पैसे पाठवू शकत नाही. म्हणजे या घरांची गरज नोव्हेंबर ते मार्च अशी उलटीच पडते.

दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की कळतं, सर्वांत जड चार महिने जून ते सप्टेंबर आहेत आणि ते दानाचे सर्वांत कोरडे महिने आहेत. भर म्हणजे पावसाळ्यातच धान्याला कीड आणि बुरशी लागते.

मग आकडे

अंदाजानं चालवू नका. समजा यादीत चाळीस घरं आहेत, सरासरी चार माणसांची. दर घराला महिन्याला दोन किलो तूरडाळ द्यायची म्हटलं तर महिन्याला ८० किलो, पावसाळ्याच्या चार महिन्यांना ३२० किलो. गिरणीत शंभर किलो तुरीची साधारण सत्तर किलो डाळ पडते, म्हणजे साडेचार ते पावणेपाच क्विंटल तूर जानेवारीतच हाताशी हवी. पाच-पाच किलो देणारे नव्वद-पंच्याण्णव शेतकरी लागतील. ज्वारी घराला पाच किलो धरली तर चार महिन्यांचे आठ क्विंटल, पन्नास किलोचे सोळा कट्टे. तेल एक लिटरप्रमाणे १६० लिटर, आणि तेल शेतात पिकून कोठीत येत नाही, ते विकतच घ्यावं लागतं.

हे आकडे लिहून भिंतीवर लावा. "काहीतरी मदत करा" म्हटलं की माणूस खिशातून पन्नासची नोट काढतो. "सोळा कट्टे लागतात, अकरा झालेत" म्हटलं की तो बारावा कट्टा कुणाकडं मागायचा हे स्वतःच सांगू लागतो.

रेशन देतं ते पुन्हा देऊ नका

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे ज्या घराकडं चालू कार्ड आहे, त्या घरात गहू-तांदूळ बऱ्यापैकी असतो. नसते ती डाळ, तेल, तिखट-मीठ, साखर-चहापत्ती आणि साबण. तरीही बऱ्याच ठिकाणी दानात गहू-तांदूळच गोळा होतो आणि तोच वाटला जातो, कारण तो मागायला सोपा. घेणारं घर मग जास्तीचा तांदूळ दुकानात देऊन तेल आणतं, आणि गावात चर्चा होते की बघा, फुकटचं विकतात. यात त्या घराची काही चूक नाही. त्यांना जे लागत होतं ते कोठीनं दिलं नाही.

चार माणसांच्या घराला महिन्याचा शिधा असा बसतो:

- तूरडाळ २ किलो, किंवा दीड किलो तूरडाळ आणि अर्धा किलो हरभराडाळ
- ज्वारी ५ किलो (ज्यांच्याकडं कार्ड नाही त्यांना गहू-तांदूळ वेगळा)
- गोडतेल १ लिटर, सीलबंद पिशवीच
- शेंगदाणे अर्धा किलो
- साखर १ किलो, चहापत्ती, मीठ, तिखट
- अंगाचा आणि कपड्याचा साबण

ज्वारीचा आग्रह का, असं शहरातले दाते विचारतात. म्हाताऱ्या माणसाला गव्हाची चपाती रोज झेपत नाही, भाकरी झेपते, आणि बाजारात ज्वारी हल्ली गव्हापेक्षा स्वस्त राहिलेली नाही. एवढं उत्तर पुरे.

यात आपल्याकडच्या दोन गोष्टी जरूर घाला. एक, येसर, म्हणजे धान्य-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं आमटीचं पीठ. गावातल्या बचत गटाला सामान देऊन करून घेतलं तर चार बायकांना मजुरी मिळते, आणि डाळ संपलेल्या घरातही भाकरीबरोबर आमटी होते. दुसरी, हरभऱ्याचा वाळवलेला पाला. हिवाळ्यात शेतं हिरवी असताना खुडून सावलीत वाळवला की पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा कामाला येतो. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त योग्य वेळी आठवण लागते.

कागदांचं टेबल: जास्त माणसांना पुरणारा उपाय

वाढत्या यादीवर सर्वांत परिणामकारक उपाय धान्याचा नाही, कागदाचा आहे. कोठीच्या वाटपाच्या दिवशी बाजूला एक टेबल मांडा. तिथं नीट लिहिता येणारा आणि चिडचिड न करणारा एक माणूस बसवा, निवृत्त ग्रामसेवक किंवा शिक्षक असेल तर उत्तम. प्रत्येक नव्या घराला चार प्रश्न विचारायचे.

कार्ड आहे का, आणि त्यावर धान्य सुरू आहे का? केशरी कार्ड असूनही धान्य नाही अशी घरं मराठवाड्यात पुष्कळ. प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये ठेवलेली आहे, आणि तालुक्याला ठरलेला इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं ती संख्या, असतो. इष्टांकात जागा नसेल तर पात्र घरही थांबून राहतं. म्हणून अर्ज देऊन पोच घ्यायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारायचं. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं वगळली की जागा होते, आणि ज्याचा अर्ज समोर असतो त्याचा नंबर लागण्याची शक्यता वाढते.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाली का? ती राहिली म्हणून घरातल्या एखाद्याचं धान्य थांबलंय हे कित्येकांना दुकानात गेल्यावरच कळतं.

नावं कुणाच्या कार्डावर आहेत? वेगळ्या निघालेल्या मुलाचं नाव बापाच्याच कार्डावर, सुनेचं नाव अजून माहेरी, आणि विधवा होऊन परतलेल्या लेकीचं कुठंच नाही. यातला निम्मा गुंता नाव कमी केल्याच्या दाखल्यानं सुटतो.

ऊसतोडीला जाता का? मग कार्ड गावातच अडकून पडत नाही हे त्यांना सांगा. आधार जोडलेलं असेल तर सांगली-कोल्हापूरकडच्या दुकानातही धान्य उचलता येतं, आणि म्हाताऱ्यांच्या वाट्याचं धान्य गावातल्या दुकानातून घेता येतं. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर ठळक लिहून लावा.

याच टेबलावर संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्जही भरता येतील. दहा घरांचं रेशन सुरू झालं तर कोठीवरचा गहू-तांदळाचा भार दर महिन्याला सहज दोन क्विंटलनं उतरतो. तेवढा गहू गोळा करायचा तर किती उंबरे झिजवावे लागतील ते बघा.

एक पथ्य मात्र पाळा. आधारच्या झेरॉक्स कोठीत साठवू नका. नाव, घरातली खाणारी तोंडं, कार्ड आहे-नाही, एवढं वहीत पुरे. बाकीचे कागद ज्याचे त्याच्याकडं.

मागायचं कसं

यासाठी नवीन काही शोधायला नको. गावात अखंड हरिनाम सप्ताह होतो, त्याची पद्धत डोळ्यांसमोर आहेच. सात दिवसांच्या पंगती सात घरं किंवा सात भावक्या आधीच वाटून घेतात, यादी पारावर लागते, आणि कुणाची पंगत कधी चुकत नाही, कारण नाव सगळ्यांसमोर लिहिलेलं असतं. कोठीला हीच पद्धत लावा. वर्षाचे बारा महिने आणि त्यातलं तेल, साखर, साबण, गाडीभाडं असे तुकडे पाडा. "आषाढाचं तेल आमच्या गल्लीचं", "भाद्रपदाची साखर दहावीच्या फलाण्या बॅचची" असं ठरलं की देणाऱ्यालाही आपलं देणं दिसतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं पैसे द्यायला तयार असतात. त्यांना पावसाळ्याचे महिने द्या, कारण त्यांचा पगार सुगीवर चालत नाही.

धान्य मागायला खळ्यावर जा, घरी नको. माल घरात गेला, कणगीत पडला की तो घरधनिणीच्या हिशोबात बसतो आणि तिथून काढणं जिवावर येतं. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. ज्वारी तेव्हा उभीच असते, पण शब्द घ्यायला त्याच्यासारखा दिवस नाही.

सोयाबीनचं वेगळं सांगायला हवं, कारण आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती सर्वांत जास्त तेच असतं आणि तो मोठ्या मनानं एक कट्टा सोयाबीन आणून टाकतो. कच्चं सोयाबीन शिध्यात देऊन उपयोग नाही. आपल्या स्वयंपाकात ते बसत नाही आणि नीट न शिजवलेलं पोटाला बाधतं. ते सरळ मोंढ्यात नेऊन विका, आडत्याकडची हिशोबपट्टी कोठीच्या फळ्यावर चिकटवा आणि त्या पैशाचं तेल घ्या. कापूसही तसाच. देणाऱ्याला आधीच सांगा की तुमचा माल विकला जाईल. नंतर कळलं तर तो दुखावतो.

घेऊ नयेत अशा काही वस्तू आहेत, आणि त्या नाकारताना भीड धरू नये. कोणतंही पीठ घेऊ नका. भगर आणि भगरीचं पीठ तर मुळीच नको. महाशिवरात्री-नवरात्रात त्यातून विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडल्या आहेत. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. सुटं तेल, फोडलेले मसाल्याचे पुडे, तारीख उलटलेली बिस्किटं, कीटकनाशकाची पावडर लावलेलं बियाणं हेही नको. उरलेलं बियाणं गरिबांना द्या असं सुचवणारा एखादा दरवर्षी भेटतोच. ते गुलाबी-निळं दिसणारं धान्य जनावरालाही घालू नये.

लग्नातलं उरलेलं अन्न कोठीत आणू नका. वैशाखातल्या उन्हात भात-भाजी तासा-दोन तासांत उतरते. द्यायचंच असेल तर मांडवातूनच, गरम असताना, जवळच्या वस्तीवर पोचवा.

साठवण: इथं हयगय चालत नाही

रब्बीची ज्वारी टिकते. खरिपाची कणसात असतानाच पावसात सापडून काळी पडलेली असते. ती आली तर आधी वाटून टाका, साठवू नका. तूर अख्खी ठेवली की तिला भुंगा लागतो. डाळ केली की त्याचं प्रमाण बरंच घटतं. म्हणून फेब्रुवारीतच लातूर, उदगीर, जालना जिथं जवळ पडेल तिथल्या डाळमिलवर गाडी न्या. चुनी आणि टरफल मिलवाल्याला सोडलं तर भरडाई कमी करायला तो बहुधा राजी होतो.

धान्य आत घेण्याआधी एप्रिल-मेमध्ये ताडपत्रीवर दोन-तीन कडक उन्हं दाखवा. ओल बघायची सोपी रीत: कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर कोरडं मीठ आणि तीन-चार मुठी धान्य घालून चांगलं हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त आहे, पुन्हा उन्हात टाका. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, ही आजीची परीक्षाही खोटी नाही. धान्य ऊन असतानाच पोत्यात भरू नका. सावलीत निवू द्या, नाहीतर आतल्या आत घाम सुटतो.

खोलीत पोती जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर, आणि थप्पीच्या चारी बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढी वाट. पत्र्याच्या खोलीत वरून पाणी ठिबकतं का ते पहिल्या पावसाआधी बादलीनं पाणी ओतून बघा. प्रत्येक पोत्यावर आल्याचा महिना मोठ्या अक्षरात लिहा; आधी आलेलं आधी बाहेर जाईल. उंदराला मांजर आणि पिंजरा चालेल, विषारी गोळ्या धान्याच्या खोलीत नकोत.

जमत असेल तर घट्ट झाकणाचे डबे किंवा हवाबंद पिशव्या घ्या. तोंडापर्यंत भरून बंद केलं आणि मधेमधे उघडलं नाही की आतली हवा संपून कीड मरते. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पूर्वीपासून वापरतात, तो वापरायला हरकत नाही, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

एका गोष्टीबद्दल स्पष्टच लिहितो. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण पोत्यात टाकतात. त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, बंद खोलीत शेजारी झोपलेली माणसं गेलेली आहेत. कोठी शाळेच्या, घराच्या किंवा मंदिराच्या खोलीत असेल तर हा विषयच काढू नका. धुरी द्यावी लागण्याइतकी कीड असेल तर परवाना असलेल्या माणसालाच बोलवा.

आणि सगळंच धान्यात ठेवू नका. मला विचाराल तर जूनमध्ये कोठीची निम्मी पुंजी मालात आणि निम्मी बँकेत असावी. पैशाला कीड लागत नाही.

वाटप

बहात्तरच्या दुष्काळात कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. फुकटचं धान्य घेताना त्यांच्या मानेला जो बाक येतो तो बघून वाटपाची रीत ठरवा.

फोटो काढायचे नाहीत. दाता कितीही मोठा असो, पुढाऱ्याचा फोटो पिशवीवर छापायचा नाही. दात्यांना काही दाखवायचंच असेल तर भरलेल्या थप्पीचा आणि हिशोबाच्या फळ्याचा फोटो पाठवा, माणसांचा नको.

जागा अशी हवी की गावातला कुणीही तिथं विनासंकोच येईल. एखाद्या समाजाच्या मंदिरात किंवा पुढाऱ्याच्या ओट्यावर कोठी ठेवली की काही घरं उपाशी राहतील पण येणार नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत गावागावांत जे तट पडलेत त्यामुळे हे जास्तच जपावं लागतं. जिल्हा परिषदेची शाळा किंवा ग्रामपंचायतीची खोली बरी. तांडा आणि पारधी वस्ती गावापासून लांब असते; तिथं महिन्यातून एकदा टेम्पो न्या. पारध्यांकडं कागद नसतात, म्हणून ते यादीतून सर्वांत आधी गळतात आणि गरज बहुतेक वेळा त्यांचीच मोठी असते.

रांग लावू नका. गल्लीवार वेळ वाटून द्या, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. तेव्हा हातात पिशवी घेऊन जाणारं माणूस कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शक्य तिथं निवड द्या: ज्वारी घेता की गहू, साखर की गूळ. "मावशी, यंदा शेंगदाणे चांगले आलेत, डाळीतली थोडी कमी करून देऊ का?" असं विचारलं की देवाणघेवाण दुकानासारखी होते. काही ठिकाणी किराणा दुकानदाराकडंच खातं लावतात आणि घराला चिठ्ठी देतात. तेल-साखरेपुरती ही पद्धत चांगली. दुकानदार मात्र असा निवडा की चिठ्ठीवर तंबाखू देणार नाही आणि जुनी उधारी त्यातून वळती करून घेणार नाही.

नवं घर आलं तर पहिला शिधा चौकशी न करता द्या. चौकशी दुसऱ्या महिन्यात, आणि ती आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाईंकडून. कुणाच्या चुलीवर काय चढतं हे त्यांना कोठीच्या कमिटीपेक्षा चांगलं माहीत असतं.

माल कमी पडला तर काय करायचं हे आधीच ठरवून लिहून ठेवा, वाटपाच्या दिवशी भांडत ठरवू नका. सगळ्यांचं सारखं कापणं न्याय्य दिसतं, पण एकट्या म्हातारीची डाळ आणि दोन कमावती असलेल्या घराची डाळ सारखी कापणं न्याय नव्हे. आधी साखर-चहापत्ती कापा, मग ज्वारी. डाळ आणि तेल शेवटपर्यंत कापू नका. लहान लेकरं, गरोदर बाई, एकटे म्हातारे आणि दुखणेकरी ही घरं कपातीबाहेर ठेवा.

हिशोब आणि परवानग्या

वह्या दोनच: एक मालाची, एक पैशाची. बँक खात्यावर दोन सह्या. आलेली प्रत्येक गोणी काट्यावर मोजून वहीत. हिशोब गावासमोर वाचायचा, त्यासाठी वेगळी सभा नको. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला झेंड्यासाठी गाव जमतंच, आपल्याकडं १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा आणखी एक दिवस आहे. १७ सप्टेंबरचं वाचन सर्वांत महत्त्वाचं, कारण तेव्हा कोठी तळाला गेलेली असते आणि दिवाळीच्या दानाआधी ते सगळ्यांना कळायला हवं.

नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी घ्यावी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. दोन-तीन वर्षं कोठी टिकली तर संस्था नोंदवून घ्या. करसवलतीची मान्यता मिळाली तरी ती पैशाच्या देणगीला लागू होते, धान्याच्या पोत्याला नाही, आणि रोख दोन हजारांपुढं गेली तर तीही नाही. बाहेरगावच्या दात्यांना हे आधीच सांगा. अन्न नोंदणीबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एकदा जाऊन या. नफा नसला तरी अन्न वाटणाऱ्याला नियम लागू होतात. वाळूज, शेंद्रा, जालना भागातल्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, हवा असेल तर ही कागदपत्रं लागतातच, आणि कंपन्यांची वर्षअखेर मार्चमध्ये असते. तेव्हा मागितलेले पैसे जूनच्या तेलाला उपयोगी पडतात.

माणसं टिकवणं

कोठी बंद पडते ती बहुधा एकाच माणसावर सगळं पडल्यामुळे. किल्ली, वही आणि गाडी ही तीन कामं तीन माणसांकडं द्या आणि दर सहा महिन्यांनी बदला. पन्नास किलोचा कट्टा साठीतल्या माणसानं उचलू नये, हमालाला पैसे देऊन उचलून घ्यावा. हमालीचा खर्च हिशोबात दाखवायला लाजू नका. शिधा घेणाऱ्या घरांतली माणसं कामाला हात लावायला तयार असतात. निवडणं, पुड्या बांधणं, टेम्पोत माल भरणं त्यांना करू द्या, पण ते शिध्याचा मोबदला म्हणून मागू नका.

पुराची पेटी

नदीकाठच्या गावांनी एक साठा वेगळा ठेवावा, कुठल्याही कारणानं त्याला हात लावायचा नाही. पुराच्या पहिल्या दोन दिवसांत चूल पेटत नाही, सरपण भिजलेलं असतं, म्हणून डाळ-ज्वारी तेव्हा निरुपयोगी. चुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे, बिस्किटं, मेणबत्त्या, काडेपेट्या, पाणी शुद्ध करायच्या क्लोरिनच्या गोळ्या, बायकांसाठी पॅड, हे सगळं झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, गावातल्या उंचावरच्या घरी. शिजवायचा शिधा तिसऱ्या दिवसापासून. पुरात रेशनचं कार्ड आणि कागद वाहून गेलेली घरं पुढच्या महिन्यात कागदांच्या टेबलाकडं सर्वांत आधी वळवा.

पूर आला नाही तर ही पेटी ऑक्टोबरमध्ये उघडा आणि माल दिवाळीच्या शिध्यात वाटून टाका. त्याच सुमाराला यादीही नव्यानं करा. सोयाबीन घरात आलेली घरं "आता यंदा नको" असं आपणहून सांगतात, त्यांना फक्त विचारावं लागतं. आणि ऊसतोडीला निघालेल्या घरांत मागं कोण राहणार, हे कोयते गाडीत बसायच्या आधी लिहून घ्यावं लागतं.